वाद घालणाऱ्या मुलाशी शांतपणे बोलायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

एका आईचा प्रश्न असा आहे: "माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो. आंघोळीला जा म्हटलं की 'आत्ताच का?', टॅब बंद कर म्हटलं की 'पाचच मिनिटं', अभ्यासाला बस म्हटलं की 'काल तर तू वेगळंच म्हणाली होतीस'. मी शांतपणे सुरुवात करते, समजावते, शेवटी ओरडते. मग वाईट वाटतं म्हणून त्याला हवं ते देऊन टाकते. त्याचे बाबा म्हणतात, लाडावून ठेवलाय. मी कडक व्हावं की समजावत राहावं?"

ताई, तुमचं एक वाक्य मी दोनदा वाचलं: समजावते, ओरडते, मग देऊन टाकते. गेली बावीस वर्षं मी मुलांबरोबर आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर काम करते आहे, आणि ज्या घरांत मूल सतत हुज्जत घालतं तिथे हेच तीन टप्पे याच क्रमाने ऐकायला मिळतात. तुमचा मुलगा वेगळा नाही आणि तुम्हीही कमी पडत नाही आहात. पण हे तीन टप्पे एकमेकांना कसे पोसतात ते आधी पाहू. ते दिसलं की कडक व्हायचं की समजावायचं, या प्रश्नाचं ओझं बरंच हलकं होईल.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकापासून कितीतरी वर्षं लोकांच्या घरी जाऊन असे प्रसंग क्षणाक्षणाने टिपून ठेवले. त्यांना जे दिसलं ते असं. आई काही सांगते, मूल कुरकुरतं. आई पुन्हा सांगते, मूल आवाज चढवतं. आई थकते आणि सोडून देते. त्या क्षणी दोघांनाही हायसं वाटतं. मुलामागचा तगादा थांबलेला असतो आणि आईच्या कानाशी चाललेली भुणभुण थांबलेली असते. हे हायसं वाटणंच दोघांना धडा देतं. मूल शिकतं की आवाज चढवला की तगादा थांबतो. आई शिकते की सोडून दिलं की घर शांत होतं. दुसऱ्या दिवशी आई इतक्या जोरात ओरडते की मूल दचकून उठतं. आता आई शिकते, ओरडल्याशिवाय काम होत नाही. आणि मूल शिकतं, आई ओरडेपर्यंत उठायची घाई नाही. कुणाच्याच मनात काही वाईट नसताना दोघं एकमेकांना रोज थोडं वरच्या पट्टीत चढवत नेतात.

यात सगळ्यात जास्त नुकसान करतं ते "कधी कधी". बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट पक्की झाली आहे: ज्याला दरवेळी बक्षीस मिळतं तो, बक्षीस बंद झालं की, लवकर प्रयत्न सोडतो, ज्याला अधूनमधून, केव्हा मिळेल याचा नेम नसताना मिळतं, तो कितीतरी जास्त वेळ चिकाटीने प्रयत्न करत राहतो. तुम्ही दहापैकी सात वेळा ठाम राहता आणि तीन वेळा नमतं घेता. तुम्हाला ते सात आठवतात, मुलाला ते तीन. खनपटीला बसण्याचं याहून चांगलं शिक्षण त्याला मिळूच शकत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना पहिला आठवडा मी काहीच बदलायला सांगत नाही. फक्त एक वही ठेवायची. वाद कशावरून झाला, किती वाजता झाला आणि संपला कसा, एवढंच लिहायचं. "संपला कसा" हा रकाना महत्त्वाचा. पाच मिनिटं जास्त मिळाली? काम टळलं? आईने चिडून स्वतःच दप्तर भरलं? आठवड्याने ती वही उघडली की बहुतेक आईवडील गप्प होतात. एक तर वाद वाटत होते तितक्या विषयांवर नसतात, तीन-चार ठरलेल्या जागीच होतात. आणि दुसरं, मुलाच्या पदरात दरवेळी काही ना काही पडलेलं असतं, निदान दहा मिनिटांची टाळाटाळ तरी.

आता मुलाच्या बाजूने बघा. दोन-अडीच वर्षांचं मूल "नाही" म्हणतं, कारण आपण आईपासून वेगळे आहोत हे त्याला नुकतंच कळलेलं असतं आणि ते त्याला पुन्हा पुन्हा करून पाहायचं असतं. सात-आठ वर्षांनंतर त्याची तर्कशक्ती पक्की होऊ लागते. नियम, न्याय, "त्याला एवढं मग मला का कमी" हे सगळं त्याला आता हिशेबासारखं दिसतं. तुमच्या कालच्या आणि आजच्या बोलण्यातली विसंगती त्याच्या लगेच लक्षात येते. बारा-तेरा वर्षांनंतर "असं झालं असतं तर" या पातळीवरचा विचार जमायला लागतो आणि वादाला आणखी धार येते. म्हणजे ९ वर्षांचा मुलगा शब्दाचा कीस पाडतो, तेव्हा त्याचं डोकं त्याच्या वयाला साजेसंच चालत असतं. स्वतःला आवर घालण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. तर्क धावतो आणि लगाम अजून हातात आलेला नसतो.

वाद घालण्याची ही क्षमता मोडून टाकावी असं मला अजिबात वाटत नाही, आणि त्यामागे कारण आहे. व्हर्जिनिया विद्यापीठात जोसेफ ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ वर्षांच्या मुलांचे आईशी झालेले मतभेद टिपले आणि पुढची काही वर्षं त्या मुलांवर लक्ष ठेवलं. जी मुलं आईसमोर आपलं म्हणणं कारणं देऊन, नेटाने मांडू शकत होती, ती पुढे मित्रांनी दारू किंवा अमली पदार्थांचा आग्रह केला तेव्हा जास्त ठामपणे नकार देऊ शकली. चिडचिड करणारी नव्हेत आणि लगेच मान तुकवणारीही नव्हेत, मुद्दा मांडणारी. आईला "मला पटत नाही" असं सांगायला शिकलेलं मूल तेच वाक्य मित्रालाही सांगू शकतं. तुमच्या घरात हे कौशल्य कच्च्या स्वरूपात आलेलं आहे. त्याला वळण द्यायचं आहे.

त्यासाठी पहिली गरज म्हणजे समोरचा वाद कोणत्या जातीचा आहे हे ओळखणं. माझी एक साधी कसोटी आहे. मुलाने दिलेल्या कारणाला तुम्ही नीट उत्तर दिल्यावर काय होतं ते पाहा. कारण तेच राहिलं, म्हणजे "पण आई, सगळे सहाला खेळायला येतात, मी सातला गेलो तर खेळ संपलेला असतो" हेच तो धरून बसला, तर तो खरा मतभेद आहे. तिथे ऐकायला हवं, कदाचित नियमही बदलायला हवा. पण एका कारणाला उत्तर दिलं की दुसरं पुढे येतं, दुसऱ्याला दिलं की तिसरं, तर त्याला कोणत्याच कारणाशी देणंघेणं नाही, वेळ काढायची आहे. अशा वेळी समजावणं म्हणजे त्याला हवा तो वेळ आपणच पुरवणं. तिसरा प्रकार असा की विषय क्षुल्लक असतो, मोज्यांचा, चमच्याचा, आणि त्यावरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत भांडण होतं. तिथे दुखणं दुसरीकडे असतं. भूक, झोप, शाळेत झालेला अपमान, किंवा दिवसभर आईशी धड बोलणंच न झालेलं असणं.

तिसऱ्या प्रकारात झोपेकडे आधी बघा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रात्री ९ ते १२ तास झोप लागते, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची शिफारस आहे. आठ तास झोपणारा नऊ वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी भांडत असेल, तर मी इतर सगळं बाजूला ठेवून आधी झोपेची वेळ लवकरची करायला सांगते.

आता प्रत्यक्ष त्या क्षणाबद्दल. "शांत राहा" असं सगळेच सांगतात आणि ऐकणाऱ्याला ते टोचतं, कारण आतून उकळत असताना शांत वाटणार कसं? मी शांत वाटून घ्या असं म्हणत नाही. शांत वागा, एवढंच म्हणते, आणि ते शिकता येतं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घ्या, असे तीन श्वास. उभ्या असाल तर बसा. मुलावर उभं राहून वाकलं की आवाज आपोआप चढतो. आवाज एक पायरी खाली आणा. आणि शब्द कमी करा. मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक या शेवटच्या गोष्टीने पडतो. चिडलेला माणूस खूप बोलतो आणि खूप बोलत गेलं की आणखी चिडतो. शब्दाने शब्द वाढतो असं आपण म्हणतो ते दोन माणसांबद्दल, पण एकाच माणसाच्या तोंडूनही तो तसाच वाढतो.

सूचना कशी दिली यावर निम्मा वाद ठरतो. रेक्स फोरहँड आणि रॉबर्ट मॅकमोहन यांनी न ऐकणाऱ्या मुलांच्या पालकांबरोबर केलेल्या कामात स्पष्ट सूचना आणि धूसर सूचना असा फरक मांडला. "नीट वाग", "आवर आता", "किती वेळ चालणार आहे हे?", "आंघोळीला जायचं का?" या सगळ्या धूसर सूचना. शेवटचा तर चक्क प्रश्न आहे, आणि प्रश्नाला "नाही" हे उत्तर असू शकतं. स्पष्ट सूचना एका वेळी एक, जवळ जाऊन, नाव घेऊन, करता येईल अशा शब्दांत असते: "टॅब टेबलावर ठेव." मग थांबायचं. मनात पाच आकडे मोजायचे. आपण बहुतेक दीड सेकंदात पुन्हा बोलतो आणि मुलाला हलायला जागाच देत नाही.

या कामातली एक बारीक गोष्ट मी प्रत्येक पालकाला वहीवर लिहायला लावते: कारण आधी, सूचना नंतर. "साडेसात वाजले, आता झोपायची तयारी करायची आहे. टॅब टेबलावर ठेव." याचा क्रम उलटा केला, "टॅब ठेव, कारण साडेसात वाजले", तर शेवटचा शब्द कारणाचा राहतो आणि मूल कारणालाच धरतं: "अजून सात अठ्ठावीसच झालेत." सूचना शेवटी असली की पुढची जागा कृतीसाठी मोकळी राहते. आणि मूल वाद घालायला लागल्यावर नवीन कारण द्यायचंच नाही. तेव्हा दिलेलं प्रत्येक कारण त्याला भिडायला नवं मैदान देतं.

समजा तुम्ही हे केलं आणि तो म्हणाला, "पाचच मिनिटं! ही लेव्हल संपू दे!" तुमचं उत्तर दोन वाक्यांचं असावं. एकात त्याची भावना, दुसऱ्यात निर्णय. "मधेच सोडायला जिवावर येतंय, कळतंय मला. टॅब टेबलावर." यात "पण" नको. "कळतंय मला, पण" म्हटलं की पहिलं वाक्य पुसलं जातं. तो पुन्हा म्हणाला तर तेच दुसरं वाक्य तितक्याच खालच्या आवाजात एकदाच. त्यानंतर बोलणं बंद, कृती सुरू: उठायचं, हात पुढे करायचा, आधी सांगून ठेवलेला परिणाम अमलात आणायचा. एकच वाक्य वीस वेळा म्हणणं हाही वादच आहे, त्यात फक्त आपले शब्द बदलत नाहीत.

आणि हे गप्प राहणं रागाचं नको. तोंड फिरवून बसणं, दिवसभर अबोला धरणं याने मूल घाबरतं, आणि घाबरलेलं मूल आणखी चिकटून भांडतं. चेहरा मऊ असू द्या, जवळ थांबा. शांततेतूनही "मी आहे इथेच" हे पोचतं.

मुलं काही हुकमी वाक्यं वापरतात, त्यांची तयारी आधीच करून ठेवा. "तुला मी आवडतच नाही": यावर स्पष्टीकरण देत बसू नका. "तू मला खूप आवडतोस. टॅब टेबलावर." एवढं पुरतं. प्रेमाचं वाक्य मनापासून म्हणा, ते खरंच आहे. "ताईला कधी काही बोलत नाहीस": "ताईबद्दल मी ताईशी बोलते. आत्ता आपण तुझ्याबद्दल बोलतोय." तिसरं वाक्य अवघड, "तूच तर म्हणाली होतीस". इथे आधी आठवा, तो खरं बोलतोय का? बऱ्याचदा बोलत असतो. मग लगेच मान्य करा. "बरोबर आहे, मी काल हो म्हटलं होतं. मी विसरले. दहा मिनिटं तुझी." काही पालकांना वाटतं, यात आपण हरलो. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. जी आई चूक असताना चूक म्हणते, तिच्या "नाही"ला मुलं जास्त मानतात, कारण ते "नाही" हट्टातून आलेलं नसतं हे त्यांनी पाहिलेलं असतं.

यातूनच माझा सगळ्यात आवडता नियम निघतो. मत बदलायचं असेल तर पहिल्या विनंतीला बदला, दहाव्या विनंतीला बदलू नका. मागणी आली की दोन सेकंद थांबून स्वतःला विचारा, हे मी शेवटी देणारच आहे का? देणार असाल तर आत्ताच, हसून द्या. "नाही" तेव्हाच म्हणा, जेव्हा ते शेवटपर्यंत "नाही"च राहणार असेल. तुमचे नकार कमी होतील आणि प्रत्येकाला वजन येईल.

नकार कुठे कमी करता येतील यासाठी ज्युडिथ स्मेटाना यांच्या कामाचा उपयोग होतो. आईवडील आणि वाढत्या वयाची मुलं यांच्यातल्या वादांचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की बरेच वाद एकाच गोष्टीकडे दोन नजरांनी बघितल्यामुळे होतात. केस कसे ठेवायचे, कोणता शर्ट घालायचा, आपली खोली कशी लावायची, हे मुलाला त्याचं स्वतःचं क्षेत्र वाटतं. आईवडिलांना ते घराची शिस्त वाटते. सुरक्षितता आणि दुसऱ्याला इजा न करणं याबाबत मुलं आईवडिलांचा अधिकार त्या मानाने सहज मान्य करतात. म्हणून घरातल्या नियमांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे विचारा, यात कुणाला धोका आहे? कुणाचं नुकसान आहे? नसेल, तर तो त्याच्याकडे सोपवून बघा. आंघोळ शाळेतून आल्यावर की झोपण्यापूर्वी, हे तो ठरवू दे. आंघोळ होणार की नाही, हे मात्र त्याने ठरवायचं नाही. आपलं स्वातंत्र्य जातंय असं वाटलं की माणूस तेच जास्त जोराने धरतो, ही गोष्ट जॅक ब्रेहम यांनी १९६६ मध्ये सिद्धांत म्हणून मांडली. नऊ वर्षांच्या मुलात ती आपल्याला रोज दिसते.

आता मी ज्याला घरातलं अपील म्हणते त्याकडे येते. वाद थांबवायचा म्हणजे मुलाचं म्हणणं दाबायचं नाही, त्याला वेगळी जागा द्यायची. नियम असा: सूचना दिल्यावर ती आधी करायची. मग, पटली नसेल तर, ठरलेल्या वेळी बोलायचं. ती वेळ रोजची ठेवा, झोपण्यापूर्वीची दहा मिनिटं चालतील. तिथे त्याने आपलं कारण सांगायचं, तुम्ही मध्ये न तोडता ऐकायचं, त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, आणि मग उत्तर द्यायचं. "उद्या सांगते" म्हटलंत तर उद्या सांगायचंच. इथे त्याला अधूनमधून जिंकता यायला हवं, मुद्दा चांगला असेल तर खरोखर जिंकता यायला हवं. नाहीतर "नंतर बोलू" हे फक्त त्याला गप्प करण्याचं निमित्त आहे, हे तो चार दिवसांत ओळखेल.

मला अकरा वर्षांची एक मुलगी आठवते. झोपायच्या वेळेवरून रोज रडारड. अपीलाची पद्धत सुरू झाल्यावर आठव्या दिवशी तिने एक कागद आणला. त्यावर तिने लिहिलं होतं की ती नऊला बिछान्यात जाते पण दहापर्यंत झोप येत नाही, आणि तो एक तास ती अंधारात घाबरत असते. आईवडिलांना भीतीबद्दल काहीही माहीत नव्हतं. इतके महिने ते "अजून जागायचंय हिला" असंच समजत होते. दिवा मंद करून अर्धा तास वाचायला परवानगी मिळाली आणि तो वाद तिथेच संपला. तिच्या रोजच्या भांडणात हे कारण होतंच, पण रात्री नऊ वाजता, दारात उभं राहून, रडत रडत ते तिला सांगता येत नव्हतं आणि त्यांना ऐकू येत नव्हतं.

हे बोलणं मुलाला आपोआप येत नाही, शिकवावं लागतं. शांत वेळी, खेळ म्हणून सराव करा. तुम्ही मूल व्हा, तो आई होऊ दे. तुम्ही आधी हातपाय आपटून वाद घाला, मग "आई, मला पटलं नाही, नंतर बोलूया का?" असं म्हणून दाखवा. नऊ वर्षांच्या मुलाला यात भलतीच गंमत वाटते. आणि खऱ्या प्रसंगात तो अर्धंमुर्धं जरी तसं वागला, तोंड वाकडं करून का होईना "नंतर बोलू" म्हणाला, तर तिथल्या तिथे बोलून दाखवा: "राग आला होता तरी ओरडला नाहीस. मला आवडलं." येल विद्यापीठातल्या ॲलन कॅझडिन यांचा यावर मोठा भर होता: जे नको आहे त्यावर बोट ठेवत राहण्यापेक्षा त्याच्या जागी काय हवं ते ठरवा आणि ते घडेल तेव्हा नेमकेपणाने, लगेच शाबासकी द्या. "शहाणा आहेस" यातून मुलाला काही कळत नाही. "ओरडला नाहीस" यातून कळतं.

वाद आणि उद्धटपणा यांत मी फरक करते. "मला नाही पटत" हे चालेल. "तू मूर्ख आहेस" हे चालणार नाही. तिथे विषय सोडून द्या आणि फक्त भाषेबद्दल बोला: "असं बोललेलं मी ऐकून घेणार नाही. पुन्हा सांग." दुसऱ्यांदा नीट बोलला तर नीट ऐका, मघाचा शब्द उगाळत बसू नका. आपण घरात एकमेकांशी कसं बोलतो, फोनवर कुणाबद्दल कसं बोलतो, हे त्याने ऐकलेलं असतं, तेही एकदा तपासून पाहा.

हे सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वाद वाढतील. मी हे आवर्जून सांगते, कारण बहुतेक जण इथेच सोडतात. जे आजवर चालत होतं ते चालेनासं झालं की मूल तेच आणखी जोरात करून बघतं, लिफ्टचं बटण दाबूनही दार उघडलं नाही की आपण ते पाच वेळा दाबतो तसं. तुम्ही सहाव्या दिवशी नमतं घेतलंत, तर आधीपेक्षाही वरच्या पट्टीत भांडलं की मिळतं, हे तो शिकेल. म्हणून पाहुणे असतील, प्रवास असेल, कुणी आजारी असेल, तर सुरुवातच करू नका. दोन शांत आठवडे बघून सुरू करा.

याच्या जोडीला रोज पाच मिनिटं त्याच्याबरोबर असं खेळा की ज्यात सूचना नाहीत, प्रश्न नाहीत, शिकवणं नाही. तो काय करतोय ते बघायचं, त्याच्या मागे जायचं. शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेल्या पालक-मूल उपचारपद्धतीची सुरुवात अशा खेळाने होते, शिस्तीचा भाग नंतर येतो. लहान मुलांसाठी आखलेली ही पद्धत आहे, पण ही पाच मिनिटं नऊ वर्षांच्या मुलालाही तितकीच हवी असतात. ज्या मुलाला आई पूर्णपणे मिळते ती फक्त भांडणात, ते मूल भांडण सोडणार नाही. आणि ही पाच मिनिटं त्या दिवशी वाद झाला म्हणून रद्द करायची नाहीत.

तुम्ही पुन्हा ओरडाल. एखाद्या थकलेल्या संध्याकाळी नक्की ओरडाल. त्यानंतर हवं ते देऊन टाकू नका. तुमच्या अपराधीपणाची भरपाई टॅबने होत नाही. दोघं शांत झाल्यावर जवळ बसा आणि म्हणा, "मी मघाशी ओरडले. तसं ओरडायला नको होतं. पुढच्या वेळी मी आधी थांबेन." आणि तिथेच थांबा, "तूही ऐकलं असतंस तर" हे जोडू नका. निर्णय मात्र तोच राहील. माफी ओरडण्याबद्दल आहे, नियमाबद्दल नाही.

त्याच्या बाबांबद्दल. त्यांना लाड दिसतात, तुम्हाला त्यांचा कडकपणा दिसतो, आणि मुलाला दोघांच्या मधली फट दिसते. डायना बाउमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकत्वाचे प्रकार मांडले तेव्हापासून एक गोष्ट वारंवार समोर आली आहे: माया भरपूर आणि अपेक्षाही स्पष्ट, अशा घरांत मुलं सर्वसाधारणपणे चांगली वाढतात. या दोन गोष्टी तुम्हा दोघांत वाटून घेतलेल्या असतील तर ते चालत नाही, दोन्ही दोघांकडे हव्यात. मुलासमोर एकमेकांचा निर्णय फिरवू नका. पटला नाही तरी त्या क्षणी साथ द्या आणि मूल झोपल्यावर बोला. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही दोनच नियम सांगा, सगळे नकोत.

तज्ज्ञांकडे कधी जायचं? वाद अचानक सुरू झाले असतील, तर शाळेत किंवा घरात काय बदललं ते आधी शोधा. फक्त लिहिण्या-वाचण्यावरून भांडण होत असेल, तर त्याला ते खरंच जड जातंय का, हे तपासून घ्या; मठ्ठ ठरण्यापेक्षा हट्टी ठरणं मुलांना सोपं वाटतं. हाक मारल्यावर कायम दुसऱ्यांदा ऐकत असेल तर कान तपासा. एकाग्रतेची अडचण आणि चिंता या दोन्ही गोष्टी बाहेरून हट्टासारख्या दिसू शकतात. आणि एक स्वतंत्र निदानही आहे, विरोधी-अवज्ञाकारी वर्तनविकार. २०१३च्या डीएसएम-५ या अमेरिकन निदानपुस्तिकेनुसार त्यासाठी सतत चिडणं, मोठ्यांशी वाद घालणं, मुद्दाम त्रास देणं, सूड उगवणं अशा आठ लक्षणांपैकी किमान चार, निदान सहा महिने, आणि भावंडाव्यतिरिक्त किमान एका व्यक्तीशी दिसावी लागतात. पाच वर्षांवरील मुलात साधारण आठवड्यातून एकदा तरी, आणि सूडाचं वागणं असेल तर सहा महिन्यांत किमान दोनदा. त्याच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा हे जास्त आहे का आणि त्याने घर, शाळा, मैत्री यांत अडथळा येतोय का, हेही पाहिलं जातं. हे वाचून घरी शिक्का मारू नका. पण तो स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, किंवा तुमचाच हात वारंवार उठत असेल, तर वाट बघू नका, बालमानसतज्ज्ञांना भेटा.

तुमच्यासाठी मी सुरुवात एकाच जागी करेन: टॅब. आंघोळ आणि अभ्यास पंधरा दिवस आहेत तसे राहू देत. रविवारी सकाळी, सगळे निवांत असताना, त्याच्याबरोबर बसून वेळ ठरवा. किती वाजता बंद, लेव्हल अर्धी राहू नये म्हणून दहा मिनिटं आधी आठवण कोण करणार, वेळेवर ठेवला नाही तर दुसऱ्या दिवशी किती मिनिटं कमी. आठवणीचा गजर त्यालाच लावू दे. हे सगळं त्याच्या अक्षरात कागदावर लिहून घ्या आणि टॅब जिथे ठेवायचा तिथेच चिकटवा. सोमवारी गजर वाजेल तेव्हा त्याच्याजवळ जा, बसा, आणि म्हणा, "वेळ झाली. टॅब टेबलावर ठेव." मग मनात पाचपर्यंत मोजा.